व्यसनोपचाराचे ॲप घेण्याआधी : प्राथमिक आरोग्य केंद्रातील एका डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर

आपण नागपूर जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहात, दारूचे आणि खर्ऱ्याचे (तंबाखू-सुपारी घोटून केलेल्या मिश्रणाचे) रुग्ण रोज समोर येतात, केंद्रात मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि आता एक संस्था व्यसनोपचाराचे ॲप व दोन टॅबलेट विनामूल्य द्यायला तयार झाली आहे. ते घ्यावे का, घेतल्यास सुरुवात कशी करावी आणि रुग्ण ते खरोखर वापरतील का, असे आपण विचारले आहे. मी नागपुरात मानसोपचार करतो आणि तालुक्याच्या ठिकाणच्या व्यसनोपचार बाह्यरुग्ण विभागात आपल्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर बरीच वर्षे काम करत आलो आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

माझ्या मते आपली खरी अडचण ॲपच्या अलीकडची आहे. रुग्ण एकदा येतो, बहुधा बायको किंवा भाऊ त्याला घेऊन येतो, आपण औषध लिहून देता, आणि तो पुन्हा दिसत नाही. सहा महिन्यांनी तो दिसतो तेव्हा कावीळ झालेली असते किंवा गाडीवरून पडलेला असतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाल्याचे आढळले होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मद्यविकारांच्या बाबतीत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ८६ टक्के होते. म्हणजे रुग्ण सापडणे आणि सापडलेला टिकणे या दोन्ही ठिकाणी गळती आहे. त्यामुळे कोणतेही डिजिटल साधन समोर आले की मी आधी एवढेच विचारतो : त्यावर रुग्णाची नोंद आली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती उघडून कोण पाहणार, आणि पाहिल्यावर काय करणार? या प्रश्नाला आपल्या केंद्रातील एखाद्या माणसाचे नाव उत्तर म्हणून देता येत नसेल, तर साधन घेण्याची घाई करू नये.

अशी साधने ढोबळमानाने तीन कामे करतात. रुग्ण ओळखणे, तज्ज्ञाशी गाठ घालून देणे आणि घरी गेलेल्या रुग्णाशी संपर्क टिकवणे. यांपैकी दुसऱ्या कामासाठी आपल्याला नवे काही नको आहे. ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून केंद्रातूनच तज्ज्ञाचा सल्ला घेता येतो, मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि व्यसनमुक्तीसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाची १४४४६ ही हेल्पलाइन आहे. शिवाय बेंगळुरूची निम्हान्स ही संस्था प्राथमिक स्तरावरील डॉक्टरांना व्यसनोपचाराचे ऑनलाइन प्रशिक्षण देते, ते आपण अवश्य घ्यावे. आपल्याला मिळणारे ॲप याच गोष्टी नव्या रंगात देत असेल, तर त्याने फारसा फरक पडणार नाही. मला महत्त्वाचे वाटते ते तिसरे काम. पहिले मात्र वाटते तितके सोपे नाही, म्हणून आधी त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो.

बहुतेक ॲप्समध्ये जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ प्रश्नावली असते. प्रश्नावली उत्तमच आहे. ० ते ४० गुण असतात, ८ किंवा अधिक गुण आले की धोक्याचे मद्यपान समजायचे आणि २० किंवा अधिक आले की अवलंबित्वाची शंका घेऊन पूर्ण तपासणी करायची. गोंधळ दुसऱ्या प्रश्नात होतो. पिण्याच्या दिवशी साधारण किती ‘ड्रिंक’ घेता, असा तो प्रश्न आहे आणि तिथे एक ड्रिंक म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. आपला रुग्ण ड्रिंकमध्ये मोजत नाही, तो क्वार्टरमध्ये मोजतो. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के मद्यार्क धरला, तर वजनाने तो सुमारे ६० ग्रॅम भरतो, म्हणजे एका क्वार्टरचे सहा ड्रिंक होतात. आता रोज दोन क्वार्टर पिणारा माणूस टॅबलेटसमोर बसला आहे. तो म्हणतो, ‘दोनच घेतो साहेब.’ नोंद करणारी व्यक्ती ‘१ किंवा २’ या पर्यायावर बोट ठेवते आणि त्या प्रश्नाला शून्य गुण मिळतात. एका बैठकीत सहा किंवा अधिक ड्रिंक किती वेळा होतात, या पुढच्या प्रश्नालाही मग ‘कधीच नाही’ असे उत्तर जाते. पहिल्या तीन प्रश्नांत जिथे १२ पैकी १२ गुण यायला हवे होते, तिथे ४ येतात. ॲप हिरवी खूण दाखवते आणि रुग्ण घरी जातो.

यावर उपाय अगदी साधा आहे. प्रश्न विचारताना निप, क्वार्टर आणि बिअरच्या बाटलीची चित्रे समोर ठेवायची, रुग्णाला बोट ठेवायला सांगायचे आणि गुणाकार आपण करायचा. ॲपमध्ये ही चित्रे घालून देता येतील का, असे संस्थेला स्पष्ट विचारा. ‘प्रश्नावली प्रमाणित आहे, त्यात बदल करता येत नाही’ असे उत्तर आले, तर समजावे की ती आपल्या भागात कोणी बसून वापरून पाहिलेली नाही. परिमाण समजावून सांगण्यासाठी स्थानिक मापे वापरणे ही ऑडिटच्या मार्गदर्शिकेतलीच अपेक्षा आहे. मोहाच्या दारूचा हिशेब मात्र कोणत्याच चित्राने बसत नाही. तिथे प्रमाणापेक्षा सकाळी उठल्यावर हात कापतात का, काम बुडते का, घरात भांडणे होतात का, याच उत्तरांवर मी अधिक भर देतो.

आपल्याकडे आशा कार्यकर्त्या तिशीच्या पुढील लोकांचा जो सीबॅक हा आजारांच्या धोक्याची प्राथमिक चाचपणी करणारा अर्ज भरतात, त्यातही तंबाखू आणि दारूचा प्रश्न आहे. पण दारूचा प्रश्न ‘रोज पिता का’ असा आहे. पगाराच्या आणि बाजाराच्या दिवशी बेशुद्ध होईपर्यंत पिणारा माणूस त्याला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, आणि बावीस वर्षांचा तरुण वयामुळे त्या यादीत येतच नाही. म्हणून त्या यादीतून रुग्ण आपोआप सापडतील, असे गृहीत धरू नये. ड्रेसिंगच्या खोलीत आलेली अपघाताची जखम, औषध घेऊनही न उतरणारा रक्तदाब, वारंवार होणारी आम्लपित्ताची तक्रार या जागी स्वतः विचारलेला एक प्रश्न मला अधिक फलदायी वाटतो. आणि तो विचारताना शेजारी गावातलाच माणूस बसलेला नसावा. टॅबलेट हातात दिला म्हणून खासगीपणा येत नाही. बाकावर शेजारी बसलेल्यालाही पडदा दिसतो.

आता ज्या मुद्द्यावर मी मुळीच तडजोड करत नाही, तो सांगतो. व्यसन सोडवण्याची बरीचशी ॲप्स रुग्णाला एक तारीख ठरवायला लावतात आणि त्या दिवसापासून पूर्ण बंद, असा संकल्प करायला सांगतात. खर्रा किंवा सिगारेटच्या बाबतीत हे ठीक आहे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे धोकादायक आहे. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात कापणे, घाम, घबराट सुरू होते; झटके आले तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात; आणि भ्रम होणे, नसलेली माणसे वा किडे दिसणे, नाडी व ताप वाढणे हा जीवघेणा प्रकार साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उद्भवतो. आपल्याकडे मे महिन्यात अंगातले पाणी आधीच कमी झालेले असते, त्यामुळे हा काळ अधिक अवघड जातो. पूर्वी कधी झटके आले आहेत का, सोडल्यावर कधी बडबड किंवा भ्रम झाला होता का, सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागते का आणि सोबत दुसरा गंभीर आजार आहे का, हे चार प्रश्न ॲपच्या कोणत्याही पडद्याच्या आधी, आपण स्वतः, समोर बसवून विचारायचे. यातल्या कशालाही ‘हो’ आले, तर त्या रुग्णाची जागा मोबाइलवर नाही. त्याला आपल्या निरीक्षणाखाली ठेवावे किंवा नागपूरच्या मेडिकल वा मेयो या शासकीय रुग्णालयांकडे अथवा प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे पाठवावे.

याच ओघात एक लहानसा मुद्दा, कारण तो रोज घडतो. नातेवाईक म्हणतात, ‘कमजोरी आहे, बाटली लावा.’ बाटली बहुधा ग्लुकोजची असते. थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) न देता ग्लुकोज चढवल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून थायमिन आधी, ग्लुकोज नंतर. ही सूचना ॲपमध्ये असो वा नसो, इंजेक्शनच्या खोलीत मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलेली असावी.

दूरस्थ सल्ल्याची मर्यादाही इथेच लक्षात घ्यायला हवी. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार एनडीपीएस (अमली पदार्थविषयक) कायद्याच्या यादीतील औषधे दूरस्थ सल्ल्यावर लिहून देता येत नाहीत, आणि दारू सोडल्यावर होणारा त्रास उतरवताना लागणारी क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम यांसारखी औषधे त्याच यादीत आहेत. त्यामुळे पहिल्या आठवड्याचे उपचार प्रत्यक्ष भेटीतच व्हायला हवेत. तज्ज्ञ पडद्यावरून सल्ला देईल, पण रुग्णाची नाडी आपल्याच हातात असेल. दारू घेतल्यास त्रास व्हावा म्हणून देतात त्या डायसल्फिराम या औषधाबद्दलही सांगून ठेवतो. रुग्णाला न सांगता जेवणातून देता येईल का, असे घरचे विचारतात, आणि हल्ली फोनवर ‘न कळता दारू सोडवा’ अशा चूर्णाच्या जाहिराती पाहून तर अधिकच विचारतात. न सांगता दिलेल्या डायसल्फिरामवर दारू घेतल्यास रक्तदाब एकदम खाली जाऊन प्राणावर बेतू शकते. आपण डिजिटल साधनांची चर्चा करतो आहोत, पण आपल्या रुग्णाच्या घरात शिरलेले पहिले डिजिटल साधन ही जाहिरातच असते. तिच्याविषयी आपण स्वतःहून बोलावे.

आता तिसऱ्या कामाकडे, म्हणजे संपर्क टिकवण्याकडे येतो. इथे डिजिटल साधनांचा उपयोग होतो, असे मी मोकळेपणाने म्हणेन. अमेरिकेत निवासी उपचार घेऊन घरी निघालेल्या ३४९ रुग्णांवर झालेला आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला ‘ए-चेस’ या स्मार्टफोन साधनाचा अभ्यास प्रसिद्ध आहे. हे साधन मिळालेल्या गटात मागच्या तीस दिवसांतील धोकादायक मद्यपानाचे दिवस सरासरी १.३९ होते, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात २.७५. मात्र ते रुग्ण आधी निवासी उपचार घेतलेले होते आणि त्यांना फोन व डेटा अभ्यासातूनच मिळाला होता. आपल्या परिस्थितीच्या अधिक जवळचा अभ्यास गोव्यातला आहे. तिथे दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, कोणतीही व्यावसायिक पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलणे केले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के आणि इतरांपैकी २६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते. त्यात ॲप नव्हते. या दोन अभ्यासांवरून मी एवढाच निष्कर्ष काढतो की बोलणारा माणूस आधी उभा करावा आणि साधन त्याच्या हाताखाली द्यावे.

तो माणूस कोण, हे आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे. एनसीडीचा (असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमाचा) समुपदेशक असेल तर उत्तम. नसेल तर उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी. आशाताईंवर हे काम टाकू नये, असे माझे मत आहे. त्यांच्याकडे आधीच पुरेसे अर्ज आहेत, आणि त्या त्याच गावच्या असल्यामुळे रुग्ण त्यांच्याशी मोकळे बोलत नाही. ज्याला काम द्याल त्याच्या आठवड्यातील दोन दुपारी त्यासाठी राखून ठेवा, तशी लेखी नोंद ठेवा आणि सुरुवातीला वीसपेक्षा जास्त रुग्ण त्याच्याकडे देऊ नका.

मग फोन. हा फोन नेमका कोणाचा आहे, हे पहिल्याच भेटीत विचारावे. आपल्या भागात अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो मुलाकडे असतो. रुग्णाकडे साधा फोन, तोही रिचार्ज संपला की बंद. म्हणून ॲपवर दररोज मनःस्थितीची नोंद करा वगैरे कल्पना मला शहरी वाटतात. साधा कॉल आणि साधा संदेश अधिक टिकतो. संदेशात दारू, व्यसन, खर्रा हे शब्द कधीही नसावेत. ‘मंगळवारी तपासणी आहे. येता न आल्यास या क्रमांकावर मिस्ड कॉल द्या’, एवढे पुरे. कोळसा खाणीत किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाची नोकरी एका वाचल्या गेलेल्या संदेशाने अडचणीत येऊ शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित विकारांचाही समावेश आहे, त्यामुळे गोपनीयतेचा हक्क या रुग्णांनाही आहे. आभा क्रमांक (डिजिटल आरोग्य नोंदींचा ओळख क्रमांक) जोडण्याआधी त्याचा अर्थ रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगून संमती घ्यावी. त्याने नको म्हटले तरी उपचार थांबवू नयेत.

कॉलवर काय बोलायचे, हेही ठरलेले असावे. आमच्याकडील समुपदेशक चारच गोष्टी विचारतात : झोप लागली का, हात कापतात का, गोळ्या कोणाकडे ठेवल्या आहेत आणि परवापासून एखादा घोट झाला का. शेवटचा प्रश्न शेवटीच येतो आणि त्याच सुरात येतो. ‘झाली’ असे उत्तर आले, तर पुढचा प्रश्न ‘का घेतली’ हा नसतो. ‘किती वाजता आणि कोणाबरोबर’ हा असतो, कारण त्या उत्तरातून पुढच्या आठवड्याची तयारी करता येते. पहिल्या आठवड्यात दिवसाआड, मग आठवड्याला एक, आणि तिसऱ्या महिन्यापासून पंधरा दिवसांनी एक कॉल, हा क्रम बहुतेकांना चालतो. पगाराचा दिवस, आठवडी बाजार, लग्नाचा हंगाम, पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा मारबत व तान्हा पोळा, या दिवसांच्या आदल्या संध्याकाळी ठरावीक वेळापत्रक सोडून एक कॉल करावा. सणांची ही यादी ॲपला माहीत नसते, ती आपणच भरून द्यावी लागते.

आणि ज्याचा फोन लागत नाही, तोच बहुतेक वेळा पुन्हा प्यायला लागलेला असतो. ॲप अशा रुग्णाला ‘निष्क्रिय वापरकर्ता’ म्हणून यादीच्या तळाशी ढकलते. आपण त्याला यादीच्या वर आणले पाहिजे. सलग दोन कॉल लागले नाहीत, तर पहिल्या भेटीत रुग्णानेच ज्याचे नाव दिले होते त्या व्यक्तीला कॉल, आणि तोही लागला नाही तर पुढच्या गावभेटीत रक्तदाब तपासण्याच्या निमित्ताने घरी जाणे. ही साखळी कागदावर असो की टॅबलेटवर, तिच्यामुळेच रुग्ण टिकतात.

खर्ऱ्याबद्दल थोडक्यात, कारण तिथे काम सोपे आहे. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवर छापली जाते. आपल्याकडे खर्रा पन्नीत घोटून मिळतो, त्यावर काहीच छापलेले नसते, म्हणून तो क्रमांक आपणच चिठ्ठीवर लिहून द्यावा. केंद्र सरकारची मोबाइल संदेशांवर चालणारी एमसेसेशन योजनाही २०१६ पासून आहे. या दोन्हींसाठी वेगळ्या ॲपची गरज नाही. पण फोन हाती देण्याआधी रुग्णाला तोंड उघडायला सांगा. स्वतःची तीन बोटे उभी धरून आत जात नसतील, तर सुपारीमुळे तोंडाच्या आतील त्वचा कडक झालेली असते. अशा रुग्णाला निकोटिनचा गम चघळणे जमत नाही आणि कर्करोगाचा धोकाही वाढलेला असतो. त्याला शासकीय दंत महाविद्यालयात पाठवणे आधी, संदेश नंतर. स्त्रियांमध्येही खर्रा आणि नस (तपकीर) खूप आहे आणि त्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आता संस्थेला काय विचारायचे ते. रुग्णांची माहिती कोठे साठवली जाते, ती कोण पाहू शकते आणि संस्थेचे काम थांबल्यास ती आपल्याला साध्या तक्त्याच्या रूपात परत मिळेल का, हे लेखी घ्या. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर असे लेखी मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. प्रकल्पाचा निधी किती काळासाठी आहे, हेही विचारा. अमेरिकेत व्यसनोपचारासाठी डॉक्टरने लिहून द्यायच्या ‘रीसेट’ या ॲपला २०१७ साली तिथल्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली होती, आणि ते बनवणाऱ्या पेअर थेरप्युटिक्स कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. मान्यता असलेल्या साधनाची ही गत होऊ शकते, तर तीन वर्षांच्या निधीवर चालणाऱ्या साधनाविषयी सावध असणे योग्यच आहे. आपली स्वतःची बदली झाल्यावर हे कोण चालवणार, हा प्रश्न संस्थेला नव्हे, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना विचारावा, आणि तोही सुरू करण्याआधी.

यावरून आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की आज ॲप घेऊ नका, पण संस्थेला नकारही देऊ नका. दोन टॅबलेटऐवजी समुपदेशकासाठी एक साधा फोन, त्याचे वर्षभराचे रिचार्ज आणि मापांच्या चित्रांचे लॅमिनेट केलेले कार्ड देता येईल का, असे त्यांना विचारून पाहा. तयार असतील तर पुढच्या महिन्यापासून वहीवर कॉल सुरू करता येतील. तीन महिन्यांनी ती वही उघडून कोणते रुग्ण कोणत्या आठवड्यात सुटले ते पाहा, आणि नेमके ते काम करणारा भाग त्यांच्या ॲपमध्ये असेल तर तेवढाच मागून घ्या.